झिंगलेल्या मृत्यूची मैफल

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात ग्यॉर्गी लिगेती या हंगेरियन संगीतकाराच्या ‘ल ग्रां माकाब्र’ या एकमेव ऑपेराचा ओझरता उल्लेख आला होता, आणि ही कलाकृती नाट्यगृहापेक्षा मैफलीच्या सभागृहात अधिक खुलते, असे विधान मी त्याच ओघात करून मोकळा झालो होतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काहींनी कुतूहलाने विचारले आहे, काहींनी कान धरला आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुलीकडे जर्मनीत गेलो असता तिने आम्हा उभयतांना याच ऑपेराला नेले. पाहतो तर पडदा नाही, नेपथ्य नाही, वेषभूषा नाही. सारा वाद्यवृंद व्यासपीठावर आणि गायक काळ्या कपड्यांत स्वरलिपीच्या स्टँडसमोर उभे. आरंभीच मोटारींचे भोंगे वाजू लागले, तेव्हा बाहेर वाहतूक तुंबली असावी, असे मला वाटले. पूर्ण तिकीट घेऊन अर्धेच नाटक दाखवण्याचा हा प्रकार नव्हे काय?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. ऑपेराचे सबंध संगीत, सर्व पात्रांसह आणि समूहगायकांसह, पहिल्या स्वरापासून अखेरच्या स्वरापर्यंत सादर करायचे, मात्र अभिनय, वेष आणि नेपथ्य बाजूला ठेवायचे, या प्रकाराला पश्चिमेत मैफलीतला प्रयोग म्हणतात आणि त्याची पद्धत जुनी आहे. त्यामागचे सरळ कारण पैशाचे असते. क्वचितच होणाऱ्या कलाकृतीसाठी देखावे उभारणे परवडत नाही, आणि ज्या नामांकित वाद्यवृंदांचे स्वतःचे ऑपेरागृह नाही, त्यांना ती वाजवण्याची संधी याच वाटेने मिळते. इतर बहुतेक ऑपेरांच्या बाबतीत ‘अर्धेच नाटक’ ही आपली तक्रार मी मान्य केली असती.

या ऑपेरात मात्र निम्मे नाटक वाद्यवृंदातच चालते. आपण ऐकलेले भोंगे बाहेरचे नव्हते, ते स्वरलिपीत लिहिलेले आहेत. पूर्वीच्या मोटारींना असत आणि आपल्याकडे कुल्फीवाल्याच्या गाडीला असत, तसे रबरी फुगा दाबून वाजवायचे बारा भोंगे तिघा वादकांत वाटलेले असतात. प्रत्येकाकडे चार, त्यांतले काही हाताने आणि काही पायाने वाजवायचे. मोन्तेवेर्दी यांच्या १६०७ सालच्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेराची सुरुवात ज्या दरबारी तुताऱ्यांनी होते, त्यांची ही उघड टवाळी आहे. पुढे तिसऱ्या प्रवेशाच्या तोंडाशी दारावरच्या सहा घंट्या हेच काम करतात. त्याखेरीज गजराची घड्याळे आहेत, शिट्ट्या आहेत, बदकासारखे ओरडणारे यंत्र आहे, फाडायचा कागद आहे आणि फोडायची कागदी पिशवी आहे. तंतुवाद्यांचा हिशेबही उफराटा आहे. जेथे व्हायोलिनवादकांच्या रांगाच्या रांगा असायच्या, तेथे सुधारित आवृत्तीत अवघी तीन व्हायोलिन आणि दोन व्हायोला आहेत, तर सहा चेलो आणि चार डबल बास आहेत. वरचा उजेड काढून घेऊन तळाचा अंधार तेवढा शिल्लक ठेवावा, तसे.

ऑपेरागृहात हे सारे वादक रंगमंचासमोरच्या खड्ड्यात दडलेले असतात. तेथून ‘पों’ असा आवाज आला, की प्रेक्षक हसतो आणि विसरून जातो. मैफलीत मात्र काळा कोट आणि पांढरा बो घातलेला, केस पिकलेला, उभे आयुष्य ब्राम्स-ब्रुकनर वाजवण्यात घालवलेला एक गृहस्थ दोन्ही हात भोंग्यांवर ठेवून मात्रा मोजत बसलेला आपल्याला दिसतो, आपली पाळी येताच चेहऱ्यावरची रेघही न हलवता तो भोंगा दाबतो, आणि पुन्हा मात्रा मोजू लागतो. या ऑपेरातला विनोद नेमका त्या गांभीर्यात आहे. गायकांच्या हावभावांनी तो वाढत नाही, उलट पुष्कळदा पातळ होतो.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुसऱ्या प्रवेशात एका ज्योतिष्याला त्याची बायको छळते, त्या छळवादाला मैफलीत फार मोठा फटका बसतो. चाबूक, कोळी, दुर्बीण आणि पलंग यांच्यावाचून तो प्रवेश नुसत्या संगीतावर पुरता उभा राहत नाही, आणि त्या वेळी आपल्याला डुलकी लागली असल्यास दोष आपला नाही.

प्रश्न : या ऑपेराची कथा थोडक्यात सांगाल का? शेजारच्या बाई म्हणतात की त्यात जगबुडी होते आणि तरीही लोक हसत असतात.
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : शेजारच्या बाई बरोबर सांगतात, जगबुडी खरोखर होते की नाही, एवढेच तेथे ठरत नाही. मूळ नाटक मिशेल द गेल्दरोद या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बेल्जियन नाटककाराचे असून ते १९३४ सालचे आहे. लिगेती आणि स्टॉकहोमचे कठपुतळी-रंगभूमीचे दिग्दर्शक मिशाएल मेश्के यांनी त्याची जर्मन संहिता केली. कथा घडते ब्रॉयगेललँड नावाच्या देशात. सोळाव्या शतकातील चित्रकार पीटर ब्रॉयगेल यांच्या चित्रांतला खादाड, दारुडा आणि सांगाड्यांनी वेढलेला समाज डोळ्यांसमोर आणला, म्हणजे या देशाचे वेगळे वर्णन करावे लागत नाही.

पीट हा दारू चाखण्याचाच धंदा करणारा माणूस स्मशानात बरळत असतो. आमांदा आणि आमांदो हे प्रेमिक एकांताच्या शोधात तेथे येतात आणि अखेर एका थडग्यात शिरतात. त्याच थडग्यातून नेक्रोत्झार बाहेर पडलेला असतो. आपण साक्षात मृत्यू आहोत आणि आज मध्यरात्री धूमकेतूच्या साहाय्याने जगाचा अंत करणार आहोत, अशी घोषणा करून तो पीटला घोडा बनवतो आणि त्याच्या पाठीवर बसून निघतो. दरबारी ज्योतिषी आस्त्रादामोर्स आणि त्याची कर्दनकाळ बायको मेस्कालिना यांच्या घरी तो पोहोचतो. बाई झोपेत व्हीनस देवीकडे बरा पुरुष मागत असतात. नेक्रोत्झारच्या मिठीत त्यांचा अंत होतो, आणि नवऱ्याला आपल्याच घरात प्रथम मोकळा श्वास मिळतो. तिसऱ्या प्रवेशात खादाड बालबुद्धी राजपुत्र गो-गो, एकमेकांना वर्णमालेच्या क्रमाने शिव्या देणारे आणि उठल्यासुटल्या राजीनाम्याची धमकी घालणारे पांढरा व काळा असे दोन मंत्री, आणि गुप्त पोलिसांचा प्रमुख गेपोपो येतात. (मंत्र्यांविषयी अधिक लिहीत नाही; वाचक सुज्ञ आहेत.) नेक्रोत्झार मिरवणुकीने राजवाड्यात शिरतो, पीट आणि ज्योतिषी त्याला मेजावर बसवून पाजत राहतात, माणसांचे रक्त समजून तो वाइन ढोसतो, आणि मध्यरात्रीचे ठोके पडू लागतात तेव्हा जगाचा संहार करणारा हा महापुरुष घोड्यावर धड बसण्याच्याही अवस्थेत राहिलेला नसतो.

चौथ्या प्रवेशात सारेजण जागे होतात. आपण स्वर्गात आहोत असे दोघांना वाटते, सबंध जगात आपणच उरलो असे राजपुत्राला वाटते, आणि मग सर्वांनाच तहान लागते. तहान लागते त्या अर्थी आपण जिवंत असलो पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. नेक्रोत्झार दुःखाने आकसत आकसत नाहीसा होतो. थडग्यातले प्रेमिक बाहेर येतात. त्यांना यांतले काहीच ठाऊक नसते. प्रेमिकांची मूळ संहितेतील नावे या मासिकात छापण्याजोगी नाहीत, हेही कुतूहल असणाऱ्यांसाठी नमूद करतो. वर दिली आहेत ती नंतरची सोवळी नावे आहेत.

प्रश्न : आपल्याकडे नाट्यसंगीताच्या मैफली होतात, त्यांत नाटक नसतेच, पदे असतात. मग मैफलीतला ऑपेरा म्हणजे तेच नव्हे का?
— एक संगीतप्रेमी, दादर

उत्तर : साम्य वरवरचे आहे. नाट्यसंगीताच्या मैफलीत निवडक पदे नाटकातून सोडवून घेतली जातात, गायक त्यांचा विस्तार आपल्या मगदुराप्रमाणे करतो, आणि श्रोत्याला प्रसंग आधीच पाठ असल्यामुळे तो मनातल्या मनात नाटक जोडून घेतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतल’पासून आपल्या संगीत नाटकाची घडणच अशी आहे की गद्य आणि पद हे वेगळे काढता येतात. ऑपेरात बहुधा सलग गायन असते, त्यामुळे तो मैफलीत आला तरी तुकड्यांनी येत नाही, सबंध येतो. ‘ल ग्रां माकाब्र’च्या १९७८ सालच्या पहिल्या आवृत्तीत मात्र गद्य संवाद भरपूर होते. १९९६ साली लिगेती यांनी ते कापून काढले, पुष्कळसे गायनात बदलले आणि वाद्यमेळही विरळ केला. आज मैफलीत तो एवढा घट्ट वाटतो, त्याचे श्रेय या कात्रीला आहे.

प्रश्न : ज्यांचे आप्त छळछावण्यांत मेले, त्या माणसाने मृत्यूवर प्रहसन लिहावे, हे मनाला पटत नाही. आपण त्याचे समर्थन कसे करता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : समर्थन करण्याचा अधिकार मला नाही, जे ऐकू येते ते सांगतो. लिगेती यांचा जन्म १९२३ साली ट्रान्सिल्व्हेनियात, हंगेरियन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. १९४४ साली त्यांना सक्तमजुरीच्या तुकडीत धाडण्यात आले. धाकट्या भावाचा माउथहाउझेनच्या छावणीत आणि वडिलांचा बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत मृत्यू झाला, आई आउशवित्झमधून जिवंत परतली. त्यानंतर हंगेरीतील स्टालिनशाही त्यांनी भोगली, आणि १९५६ सालचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर सीमा ओलांडून ते व्हिएन्नाला आले. आपल्याकडील अनेकांनी त्यांचे संगीत ऐकले आहे ते स्टॅनली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ऑडिसी’ या अंतराळपटात. ते त्यात संगीतकाराला न विचारता वापरले गेले होते.

त्या चित्रपटात लिगेती यांच्या ‘रेक्वियम’ या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा एक भाग आहे. १९६५ साली पूर्ण झालेल्या त्या रचनेत अंतिम निवाड्याचा दिवस असा काही येतो, की मानवी आवाज किंकाळ्यांच्या टोकाला जाऊन फुटतात. मृत्यूचे गंभीर स्तोत्र लिगेती यांनी आधी लिहिले होते. प्रहसन त्यानंतर, १९७४ ते १९७७ या काळात आले, आणि दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्या तर ध्यानात येते की भयाचे द्रव्य एकच आहे, ते ओतण्याचे भांडे बदलले आहे.

शिवाय हसू कोणाचे येते, हेही पाहिले पाहिजे. मरणाऱ्यांची टवाळी या ऑपेरात कोठेही नाही. हसू येते ते मृत्यू वाटत फिरणाऱ्याचे. नेक्रोत्झार भाषणे ठोकतो, त्याला मिरवणूक लागते, वाहन लागते, शिंग लागते, आणि आपल्या कार्याच्या थोरवीवर त्याचा स्वतःचा गाढ विश्वास असतो. तो खरोखर मृत्यू आहे की निव्वळ भोंदू आहे, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात ज्यांनी हा धंदा केला, त्यांच्यापाशीही शिंगे, मिरवणुका आणि हाच आत्मविश्वास होता.

त्याच्या आगमनाचे संगीत लक्ष देऊन ऐकावे. तळाशी बेथोव्हेन यांच्या ‘एरोइका’ या वीरश्रीच्या सिंफनीतील अंतिम भागाचा ठेका चालू असतो, पण त्यावरचे स्वर बदलून टाकलेले असतात, त्यामुळे ओळखीचा माणूस परक्या चेहऱ्याने समोरून यावा, तसे होते. त्यावर बेसूर केलेल्या व्हायोलिनवर रॅगटाइम या अमेरिकी नाचऱ्या ठेक्याच्या संगीताचे विडंबन, बासूनवर वाकडे केलेले ग्रीक ऑर्थडॉक्स भजन, आणि छोटी क्लॅरिनेट व पिकोलो यांच्या आणखी दोन भलत्याच चाली, अशी चौघांची स्वतंत्र मिरवणूक एकाच वेळी निघते. मैफलीत हे चौघे पुष्कळदा प्रेक्षकांमधून चालत व्यासपीठाकडे येतात. सुरुवातीला मजा वाटते. मग वाद्ये वाढत जातात, जत्रेचा कोलाहल होतो, त्या कोलाहलाला वजन येते, आणि हसू केव्हा थांबले हे कळत नाही. मला या एका पानासाठी उरलेल्या साऱ्या टवाळखोरीची किंमत मोजावीशी वाटते.

प्रश्न : मी पाश्चात्त्य गायन शिकते. गेपोपोची गाणी वेगळी काढून गायली जातात, ती मी ऐकली. पण त्यांतले शब्द कोणत्या भाषेतले, तेच कळले नाही. हे गायन आहे की विक्षिप्तपणा?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : आपल्याला शब्द कळले नाहीत, तसेच ते राजपुत्र गो-गोलाही कळत नाहीत, आणि तोच प्रसंग आहे. गुप्त पोलिसांचा प्रमुख संकटाची वार्ता घेऊन येतो, पण गुप्ततेची सवय हाडीमांसी इतकी भिनलेली असते की ती वार्ता सांकेतिक भाषेतच सांगितली पाहिजे. आणि भीती एवढी असते की सांकेतिक शब्दसुद्धा सबंध उच्चारता येत नाहीत. अक्षरे तुटतात, अडखळतात, मध्येच कोंबड्याची बांग होते, कुजबुज होते, आणि मग सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच आवाज, अत्युच्च स्वरांवर सुईसारखा टोचत राहतो. सर्वांत घाबरवणाऱ्या खात्याचा प्रमुख सर्वांत घाबरलेला आहे. दोन राजवटींतल्या गुप्त पोलिसांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हे निरीक्षण पुस्तकातून मिळवावे लागले नसेल.

तंत्राच्या दृष्टीने याची पूर्वतयारी लिगेती यांनी १९६०च्या दशकात केली होती. ‘आव्हांत्यूर’ आणि ‘नुव्हेल आव्हांत्यूर’ या रचनांत तीन गायक अर्थहीन अक्षरांतून भांडतात, रडतात, प्रेम करतात, आणि श्रोत्याला अर्थावाचून काही अडत नाही. तराण्यातल्या ‘नोम् तोम्’शी तुलना करण्याचा मोह होईल, पण तराण्यात अक्षरे लयीच्या सोयीची असतात, आणि येथे ती एका घशात अडकलेल्या बातमीचे अवशेष असतात.

आपण ऐकलेली तीन गाण्यांची मालिका ‘मिस्टरीज ऑफ द माकाब्र’ या नावाने चालते. ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाचे वाद्यवृंद-संचालक एल्गर हॉवर्थ यांनी ती बांधली. ती ट्रंपेटवरही वाजवतात, यावरून तिच्यात शब्दांचे स्थान काय आहे ते उमगेल. कॅनडाच्या बार्बरा हॅनिगन यांनी ही मालिका गाता गाता स्वतः वाद्यवृंदाचे संचालनही केले आहे. त्यात वादकांना ओरडावे लागते, कागद फाडावे लागतात, आणि संचालकालाही तोंड उघडावे लागते. सामान्यतः पाठमोरा असलेला आणि सर्वांवर हुकूम चालवणारा तो माणूस एकाएकी नाटकातले पात्र होतो. ऑपेरागृहातल्या खड्ड्यात हे कोणाच्या लक्षातही आले नसते.

गायन शिकणाऱ्याने आणखी एक गोष्ट मैफलीत पाहून ठेवावी. व्हीनस आणि गेपोपो या भूमिका प्रथेप्रमाणे एकच गायिका करते. वेष बदलला की प्रेक्षकाला ते जाणवत नाही. वेष नसला, की प्रेमाची देवता आणि पोलीसप्रमुख एकाच कंठातून बोलतात, हे उघड्यावर येते, आणि ते तसे येणे फार गमतीचे आहे.

प्रश्न : २०१० साली मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये हा ऑपेरा मी पाहिला. वाद्यवृंद व्यासपीठावर होता, पण वेष होते आणि वर पडद्यावर चित्रेही होती. याला मैफल म्हणावे की नाटक?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपण भाग्यवान आहात. २७ ते २९ मे २०१० या तीन रात्री न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने एव्हरी फिशर सभागृहात हा प्रयोग केला. संचालक होते अ‍ॅलन गिल्बर्ट आणि त्या पदावरचा त्यांचा तो पहिलाच हंगाम होता. पहिल्याच वर्षी एवढा धोका पत्करणारे संचालक थोडे. नेक्रोत्झारची भूमिका एरिक ओवेन्स यांनी केली, गेपोपो हॅनिगन होत्या. दिग्दर्शक डग फिच यांनी छोट्या प्रतिकृती आणि चित्रे कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष हलवून ती त्याच क्षणी पडद्यावर दाखवली. जगाचा अंत मेजावर मावेल एवढा करून दाखवायचा आणि तो करणारे हातही लपवायचे नाहीत, ही युक्ती मला या ऑपेराच्या स्वभावाला धरून वाटते. याला अर्धनाट्यरूप मैफल म्हणतात. गायक वावरतात, वेष जुजबी असतो, वाद्यवृंद मात्र मध्यभागी राहतो.

अर्धनाट्यरूपाचा धोकाही सांगितला पाहिजे, आणि येथेच माझ्या मूळ विधानाचा उगम आहे. सुधारित आवृत्ती प्रथम १९९७ साली झाल्झबुर्ग महोत्सवात झाली, तेव्हा दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी जगाचा अंत म्हणजे अणुसंहार असे निश्चित करून टाकले. प्रयोगाचा बोलबाला झाला, पण लिगेती नाराज झाले आणि त्यांनी ती नाराजी लपवली नाही. त्यांचा आक्षेप साधा होता. आपल्या रचनेत हा अंत खरा की भास, नेक्रोत्झार मृत्यू की बहुरूपी, हे मुद्दाम अनिश्चित ठेवले आहे. दिग्दर्शकाने त्याचे उत्तर देऊन टाकले, म्हणजे कोड्याबरोबरच उत्तर छापल्यासारखे झाले. लिगेती २००६ साली निवर्तले. २०१७ साली सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली लंडन आणि बर्लिन येथे अर्धनाट्यरूप प्रयोग झाले, त्यांचे दिग्दर्शन पुन्हा सेलर्स यांनीच केले आणि या वेळी व्यासपीठावर अणुऊर्जेच्या परिषदेचा देखावा मांडला. चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. पण निव्वळ मैफलीत, काळ्या कपड्यांत उभ्या राहिलेल्या गायकांकडून, असे कोणतेही उत्तर लादले जात नाही. धूमकेतू येतो तो वाद्यांतून येतो. तो अणुबाँब आहे की दारूच्या नशेतला भास आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रश्न : हा ऑपेरा कोणत्या भाषेत गातात? जर्मन येत नसलेल्याने जावे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : अवश्य जावे. संहिता जर्मन असली, तरी स्टॉकहोमच्या राजेशाही ऑपेरागृहात १२ एप्रिल १९७८ रोजी झालेला पहिलाच प्रयोग स्वीडिश भाषेत होता. १९८२ साली लंडनमध्ये तो इंग्रजीत झाला, न्यूयॉर्कचा प्रयोगही इंग्रजीत होता. शिव्या आणि विनोद श्रोत्याच्या भाषेत पोहोचले पाहिजेत, हे त्यामागचे तत्त्व आहे. घरी ऐकायचा असल्यास एसा-पेक्का सालोनेन यांचे इंग्रजी ध्वनिमुद्रण सहज मिळते. सुरुवात मात्र भोंग्यांपासून करू नये. नेक्रोत्झारच्या आगमनापासून करावी.

प्रश्न : मुंबईत असा प्रयोग होऊ शकेल काय?
— एक आशावादी, विलेपार्ले

उत्तर : नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या प्रयोगकलांच्या केंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि तेथे इटालियन ऑपेरांचे पूर्ण प्रयोगही झाले आहेत. झाला तर हा ऑपेरा मैफलीच्याच रूपाने होईल, कारण देखाव्यांचा खर्च वाचतो. अडचण येईल ती गेपोपोसाठी गायिका मिळवण्याची, राजपुत्रासाठी काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीसारख्या उंच आवाजात गाणारा पुरुष मिळवण्याची, आणि समूहगायकांकडून कित्येक महिने तालीम करून घेण्याची. भोंग्यांची अडचण मुंबईला येऊ नये. ते फक्त लिहून दिलेल्या मात्रेवर वाजवणारी माणसे शोधावी लागतील.

प्रश्न : शेवटी ही माणसे मेली की जगली? मैफलीत तरी ते स्पष्ट होते का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : अखेरचे गीत पासाकाल्या या जुन्या बंधात बांधलेले आहे. तळाची एक आकृती फिरून फिरून येत राहते आणि तिच्यावर बाकीचे आवाज एकमेकांच्या प्रतिबिंबांसारखे चढतात-उतरतात. इतका वेळ चाललेल्या कोलाहलानंतर हे संगीत संशय यावा एवढे सोज्वळ आहे. मरणाला भिऊ नका, ते यायचे तेव्हा येईल, तोवर आनंदात राहा, अशा अर्थाचे शब्द सर्वजण मिळून गातात. ते जिवंतांचे गाणे आहे, असे समजून ऐकले तर उपदेशपर वाटते. मेलेल्यांचे समजून ऐकले तर अंगावर काटा येतो. दोन्ही प्रकारे ते तितकेच सुरेल आहे, आणि स्वरलिपीत तिसरा काही संकेत नाही.

मैफलीत एक गोष्ट मात्र रंगभूमीपेक्षा निराळी घडते. संहितेप्रमाणे नेक्रोत्झार या गीताआधीच आकसून नाहीसा झालेला असतो, आणि नाट्यगृहात धूर, दिवे आणि चोरदरवाजा यांच्या मदतीने तो खरोखरच दिसेनासा करता येतो. मैफलीत त्याला जायला जागा नसते. आपले शेवटचे वाक्य गाऊन तो स्वरलिपीचे पुस्तक मिटतो, मागच्या खुर्चीवर बसतो आणि बाकीचे सारे गात असताना ते पुस्तक मांडीवर ठेवून ऐकत राहतो.